केंपु म्हणायचं होतं

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत मास्तर पाटीवर फुल्या मारत तेव्हाही नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तरी चुकून वही कुणाच्या हाती पडली, तर त्यांनी शुद्धलेखनाकडे बघू नये. वही ह्यांच्या वखारीतली आहे. पुढच्या पानांवर तंबाखूच्या बोदांचे, म्हणजे पोत्यांचे, आकडे आहेत. मागची कोरी पानं माझी.

लिहिताना चुकलं तर खोडता येतं. बोलताना मी एकदा एक शब्द चुकले आणि तो खोडायला मला तीन वर्षं लागली. तेवढंच इथं लिहून ठेवते.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. मी तेव्हा विशीत होते. आम्ही निपाणीत राहत होतो, हे तंबाखूच्या वखारीत कारकून होते. त्या वर्षी श्रावणात माझी मुलगी गेली. चार महिन्यांची होती. ताप आला आणि दोन दिवसांत गेली. त्यानंतर मला काही होईनासं झालं. रडू येत नव्हतं. वाढलं की जेवत होते, सांगितलं की झोपत होते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून बरी आहे हो, काही त्रास नाही तिचा." ते खरंच होतं.

माघात धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाच्या आईचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा, निरोप आला की ओटी भरताना लुगडं द्याल ते शहापूरच्या मागावरचं द्या, अंग लाल आणि काठ रुंद असू द्या. दुकानातलं चालणार नाही असं त्या म्हणाल्या नव्हत्या, पण सासूबाईंनी तसं धरलं. बेळगावला लागून शहापूर आहे, तिथं घरोघरी माग. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगलीकरांचं, पण रस्ता एकच, चालताना कळतही नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना मोटार सोसेना. म्हणून मला आणि आत्याबाईंना पाठवायचं ठरलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. डोक्यावरून घेतलेलं लाल आलवण, हातात काही नाही, तोंड मात्र सतत चालू. त्यांचं सासर कानडी मुलखात होतं, त्यामुळे कानडी त्यांना येत होतं. बाजारही त्यांना कळायचा. पण ओटीचं लुगडं विधवेनं निवडायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, त्याचा रंगही विणकराला तोंडानं सांगायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. ते सवाशिणीनं करायचं. सवाशीण मी. आणि मला परक्या माणसासमोर तोंड उघडायला नको वाटायचं, मूल गेल्यापासून तर घरच्यांसमोरही.

सकाळच्या मोटारीत बसलो. तवंदीचा घाट चढताना आत्याबाई म्हणाल्या, "मराठीत बोललीस तर बाहेरगावची म्हणून दोन रुपये चढवतील. कानडीत बोल."

"मला येत नाही, आत्याबाई."

"दोन शब्द तर बोलायचेत. विणकर मागावर बसतो, त्याच्याशी तू बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे. बायकोशी बोल. ती विचारेल, याव बण्ण. म्हणजे कुठला रंग. तू म्हणायचं, केंपु. केंपु म्हणजे लाल. म्हण बघू."

"केंपु."

"ओठ मिट आणि नाकातनं काढ. केंपु. आणि हे बघ, चुकून कप्पु म्हणू नको. कप्पु म्हणजे काळा."

समोरच्या बाकावर पानसुपारी खात एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "माय, तुमीच सांगा की जाऊन. कशाला पोरीला छळतासा?"

"मी सांगितलं तर लुगडं विटाळतं, बाबा," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगता का? तुम्हाला बांगड्या घालू आणि नेऊ."

मोटारीतली माणसं हसली. मी खिडकीतून बाहेर बघत मनात शब्द घोकत होते. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं. केंपु म्हणायचं, कप्पु नाही. कप्पु नाही, केंपु. बेळगाव आलं तेव्हा दोन्ही शब्द तोंडात सारखेच बसले होते.

शहापूरच्या बोळात शिरलं की आधी आवाज येतो. प्रत्येक घरातून मागाचा खट्-खट् आवाज, एकाचा दुसऱ्यात मिसळलेला. ओट्यावर बायका सूत उकलत बसलेल्या, दारावर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या, त्यांच्याखालून वाकून जायचं. एका लडीचा ओला थेंब माझ्या मानेवर पडला. त्याचा रंग कुठला होता ते मी बघितलं नाही. बाजारपेठेत दुकानं होती, गाद्या होत्या, दुकानदार हाका मारत होते, "या वैनी, या आक्का, बसा तर खरं, घ्यायला नको." मला ते सगळं दिसत होतं, पण पलीकडच्या काठावरून बघावं तसं.

आत्याबाईंच्या माहितीतल्या विणकराचं घर बोळाच्या टोकाला होतं. आत्याबाई बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. विणकर आतून म्हणाला, "आत या की वो, अव्वा."

"मी इथंच बरी. विहिणीच्या ओटीचं आहे," त्या म्हणाल्या आणि मला हातानं आत ढकललं.

आत अंधार होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसला होता, समोर माग. त्याची बायको भिंतीशी चाकावर कांड्या भरत होती, म्हणजे सूत लहान नळ्यांवर गुंडाळत होती. माझ्याच वयाची असेल. नवीनच लग्न होऊन आलेली, मराठी अजिबात येत नव्हतं. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. माझ्या रिकाम्या कडेकडे बघून विचारलं, "मक्कळु?"

हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता, पण कळला. मुलंबाळं विचारत होती. मी एक बोट दाखवलं. का दाखवलं ते सांगता येणार नाही. बोट वर झालं, ते मी खाली घेतलं नाही. ती हसली, उठली, कोनाड्यातून विणलेल्या कापडाचा एक वीतभर तुकडा काढला आणि माझ्या हातात ठेवला. लाल रेशमाचा, मागावर शेवटी उरतो तसला. डोक्याला हात लावून तिनं खुणेनं सांगितलं, बाळाला टोपडं शिव. मी तो घेतला.

मग तिनं विचारलं, "याव बण्ण?"

मी म्हणाले, "कप्पु."

तिनं भुवया वर केल्या. "कप्पु?"

मी मान हलवली. तिनं नवऱ्याला सांगितलं, त्याचा माग थांबला, त्यानं भिंतीवर कोळशानं काहीतरी कानडीत लिहिलं. पाच रुपये इसार द्यायचा होता, तो मी पाटावर ठेवला. राहिलेले सहा रुपये लुगडं नेताना. तीन आठवड्यांनी या, असं त्यानं सांगितलं.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"नीट?"

"हो."

आणि मला खरंच वाटत होतं की मी नीट सांगितलं. परतीच्या मोटारीत मला घाटापर्यंत झोप लागली. कापडाचा तुकडा मी कनवटीला खोचला होता.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा आम्ही दोघी लुगडं आणायला पुन्हा गेलो. सहा रुपये आणि मोटारीचं भाडं ह्यांनी मोजून दिलं होतं. आत्याबाई पुन्हा कट्ट्यावर बसल्या, मी आत गेले. विणकराच्या बायकोनं लुगडं पुढं ठेवलं आणि एक घडी उलगडली. मला वाटलं, घरात अंधार आहे म्हणून काळं दिसतंय. मी ते उचलून दारात आणलं. दारातही काळंच होतं. रुंद लाल काठ, लाल पदर आणि मधलं सगळं अंग काळं कुळकुळीत. चंद्रकळा. संक्रांतीला नव्या सुनेला घेतात तशी. लग्नात विहिणीच्या ओटीत काळं लुगडं घातलं असतं, तर वऱ्हाड मांडवातूनच परत गेलं असतं.

आत्याबाईंनी कट्ट्यावरून बघितलं. मग आत तोंड करून म्हणाल्या, "हे काय रे? लाल सांगितलेलं."

"न्हाय वो अव्वा," विणकर म्हणाला. "कप्पु म्हणून सांगितल्या की ह्या. माझ्या बायकोनं दोनदा इचारलं. भितीवर लिवलंय बगा."

"खरं?" आत्याबाईंनी मला विचारलं.

भिंतीवरचं मला वाचता येत नव्हतं. पण विणकराच्या बायकोचा आवाज आठवला आणि माझाही. "खरं," मी म्हणाले.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला नाही, की काही नाही. आलवणाचा पदर डोक्यावर नीट घेतला. "एवढं सोवळं पाळून हे झालं," त्या म्हणाल्या. "लाल रंग मी सांगितला असता तर काय बिघडलं असतं? चाळीस वर्षं लालच तर नेसते आहे."

विणकराला हसावं की नाही ते कळेना. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की मी आता रडणार. मी लुगड्याची घडी घालत होते. घड्या पहिल्याच ठिकाणी पडत होत्या.

विणकराची चूक नव्हती, तेव्हा काळ्याचे राहिलेले सहा रुपये त्याला देणं भाग होतं. ते दिले. दुसरं लुगडं चार दिवसांत होणं शक्य नव्हतं. त्याच्या चुलत्याकडे एक लाल तयार होतं, दुसऱ्या कुणीतरी सांगून न नेलेलं, अकरा रुपयांना. त्यापेक्षा एक आणा कमी होणार नाही, म्हणाला.

मी आत्याबाईंना म्हणाले, "घरी जाऊन खरं सांगते. माझी चूक झाली म्हणून."

"सांग की," त्या म्हणाल्या. "सासू तुझी ओरडणार नाही. ओरडली असती तर बरं. ती म्हणेल, पोर गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही, हिला काही सांगू नका. मग तुझ्या हातात घरात किल्ली येणार नाही, पैसा येणार नाही. मीठसुद्धा दुसरी काढून देईल. सगळे तुझ्याशी गोड बोलतील. ते कसं असतं मला विचार."

किल्ली नको की हवी, तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. पण आत्याबाई भावाच्या घरी चाळीस वर्षं मागच्या खोलीत राहत होत्या, आणि ती खोली मला त्या क्षणी डोळ्यांपुढे स्पष्ट दिसली. खिडकी, खुंटी, पत्र्याची ट्रंक. तिथं दोघी मावतील असं वाटलं.

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यातले रुपये उंबऱ्यावर एकेक करून ठेवले, अकरा. "उचल. माझ्या हातून तुझ्या हातात नको, उंबऱ्यावरनं घे. विहिणीला बाधायला नको बाई."

"हे कुठले?"

"माझ्या दहाव्या-तेराव्याचे साठवलेत. भावाला खर्च नको म्हणून. तुला दान देत नाही, उसने देते. तू फेडीपर्यंत मला मरता यायचं नाही, तेव्हा जरा घाई कर."

लाल लुगडं मी चुलत्याकडून आणलं, काळं आत्याबाईंच्या गाठोड्यात गेलं. नाक्यावर जकातीच्या माणसानं गाठोडं सोडायला लावलं आणि विचारलं, "म्हातारे, ही चंद्रकळा कुणाला?"

"मला," आत्याबाई म्हणाल्या. "का? शोभणार नाही?"

त्यानं हात जोडले आणि गाठोडं बांधून दिलं.

लग्नात विहीणबाईंची ओटी मीच भरली. त्यांनी लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून चोळला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "रंग बरा आहे. जरा आणखी डाळिंबी चालला असता." सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. सुनेनं काम नीट केलं म्हणून. त्याच संध्याकाळी त्यांनी कोठीची किल्ली माझ्याकडे दिली, फराळाचं काढायला, आणि परत मागितली नाही. मी मागच्या खोलीत आत्याबाईंना सांगायला गेले. त्या खोबरं किसत बसल्या होत्या.

"काय म्हणाली विहीण?"

"आणखी डाळिंबी हवा होता म्हणाल्या."

"काळं दिलं असतं तर कळलं असतं तिला," त्या म्हणाल्या आणि किसत राहिल्या.

पैसे कसे फेडायचे तेही त्यांनीच ठरवलं. मला एक गोष्ट येत होती, वाकळ शिवायची. जुनी लुगडी थरावर थर घालून टाके मारायचे, थंडीत पांघरायला. आत्याबाईंनी गल्लीत सांगितलं की आमच्या सुनेचा हात बसलाय, टाका बारीक असतो, आणि फुकट शिवत नाही. सासूबाईंना पैशाचं आवडलं नाही. पण त्या म्हणाल्या, "शिवू दे. हात चालू असले की बरं." बायका जुनी लुगडी आणून टाकू लागल्या. कुणाची सासू गेलेली, तिची. कुणाची लग्नातली, विरलेली. दुपारी जेवणं आटोपली की मी मागच्या खोलीत वाकळ पसरून बसायची. टाका घालायचा, काढायचा. त्यात विचार करावा लागत नाही. वाकळ झाली की मिळतील ते आणे मी उंबऱ्यावर ठेवायची. आत्याबाई ते उचलायच्या आणि कधीकधी त्यातले दोन परत सरकवायच्या. "दोऱ्याला लागतील." त्यामुळे हिशोब पुढं सरकायचा नाही, मी तसं बोलले तर म्हणायच्या, "तुला कसली घाई? मरायचं मला आहे."

पुढं मला मुलगा झाला. तेव्हा वर्षभर शिवण बंद होतं, आणि आत्याबाईंनी पैशाचं एकदाही विचारलं नाही. फक्त बारशाला पाळण्याजवळ कुणाचं लक्ष नसताना म्हणाल्या, "हा मोठा झाला की ह्याच्याकडून व्याज घेईन."

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांना खोकला धरला. आधी दिवसा, मग सारखाच. वैद्यांनी काढा दिला, पथ्य सांगितलं, आणि ओसरीवर जाऊन सासऱ्यांशी हळू आवाजात बोलले. खोलीत मी आणि आत्याबाईच होतो. दोन रुपये राहिले होते. मी दोन वाकळा एकदम घेतल्या. एक वखारीतल्या हमालाच्या बायकोची, एक आमच्याच गल्लीतली. मुलाला मांडीवर घेऊन शिवत होते, तो झोपला की पायाशी ठेवून शिवत होते. बोटांना भोकं पडली. आत्याबाई पडल्या पडल्या बघत होत्या.

"टाके लांब पडायला लागलेत तुझे," त्या म्हणाल्या.

"पडू दे."

"नाही चालायचं. माझं नाव सांगून आणलीत ती कामं. उसव."

मी उसवून पुन्हा घातले. राग आला होता. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी आलं होतं, ते असं.

दुसऱ्या वाकळीला एका कोपऱ्यात कापड कमी पडलं. वीतभर. मी माझी पेटी उघडली आणि शहापूरच्या विणकराच्या बायकोनं दिलेला लाल रेशमाचा तुकडा काढला. तसाच घडी करून ठेवलेला होता. तो कोपऱ्याला बरोबर बसला, कापावाही लागला नाही. वाकळ ज्यांची होती त्यांनी नेली. त्या कोपऱ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

दोन्ही वाकळांचे पैसे आले त्या दिवशी पाऊस उघडला होता. मी उंबऱ्यावर ठेवायला वाकले, तर आत्याबाई म्हणाल्या, "आता कसला उंबरा? हातात दे. विहीण आता आजी झाली." मी हातात दिले. त्यांनी अंथरुणावर उठून बसून दोनदा मोजले, खोकला आला म्हणून मधे थांबल्या आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजले. मग म्हणाल्या, "ट्रंक उघड. तुझं तळाशी आहे."

मी ट्रंक उघडली. त्यांच्या दोन आलवणांच्या खाली ती चंद्रकळा होती, त्या दिवशी मी घातलेल्या घडीतच. काठाला डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता.

"कुठला रंग?" त्यांनी विचारलं.

"कप्पु," मी म्हणाले.

"आता बरोबर सांगितलंस."

त्यांनी रुपये पिशवीत घातले, नाडी ओढली आणि पिशवी उशीखाली ठेवली. अकरा रुपये पुरे फिटले.